टाचेतला सरस

बुधवारी जेवणाची सुट्टी संपत आली होती तेव्हा टाचमास्तर पत्र्याचा एक डबा घेऊन ताईंच्या खोलीत आले. ताईंनी "बसा" म्हटलं, तरी ते बसले नाहीत.

ताई टेबलाखाली गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या होत्या. रविवारी शंभर किलोमीटरची शर्यत होती आणि आठवडाभर डाव्या पोटरीत एक गोळा ठाण मांडून बसला होता. ताईंचं वय चोपन्न. बुटांच्या या कारखान्याच्या त्या मालकीण, म्हणजे अर्ध्या मालकीण. उरलेला अर्धा त्यांच्या थोरल्या भावाचा. इथे धावण्याचे बूट बनत. त्यांत कातडं, लोकर, पीस, जनावराच्या अंगचं काही म्हणजे काही नसे. खोक्यावर तसं ठळक छापलेलं असे, आणि त्या ओळीखाली धावणाऱ्या ताईंचा फोटो.

"वास घ्या," मास्तरांनी डबा पुढे केला.

ताईंनी वाकून वास घेतला. "खळ आहे ना ही? टाचेच्या पुठ्ठ्याची?"

"हो. आज भांड्याचा तापमानाचा काटा बिघडला, खळ जास्त तापली, आणि मी एकदम चाळीस वर्षं मागे गेलो. तुमच्या वडिलांच्या कारखान्यात मी कातरणांचा सरस शिजवायचो. कातड्याच्या कातरणांचा. त्या वासापायी माझं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं, ताई. तो मी विसरेन होय?"

टाचमास्तर एरवी थट्टेखोर माणूस. बुटाच्या टाचेत जो कडक पुठ्ठा बसतो तो बसवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. पण आत्ता ते हसत नव्हते.

"पुरवठादाराचं प्रमाणपत्र आहे आपल्याकडे, मास्तर. सगळं वनस्पतीचं आहे म्हणून."

"असेल की. कागदाला कुठे वास असतो?"

ताईंनी पाय बादलीतून बाहेर काढले आणि तसेच ओले चपलांत सरकवले. त्याच दुपारी खळीचा नमुना तपासणीला गेला.

ताई एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हा वडिलांनी त्यांना ट्रकमधून उतरणारी कातडी मोजायला उभं केलं होतं. कारखाना तेव्हा चामड्याच्या बुटांचा. एका कातड्याला कान तसाच राहून गेला होता, आणि कानात पिवळा बिल्ला होता, नंबराचा. ताईंनी मोजणी पुरी केली, वहीत आकडा लिहिला, वडिलांना दिला. रडल्या-बिडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांच्या पायांत चामडं गेलं नाही. मांस सुटलं, मग बऱ्याच वर्षांनी दूध, दही, मधसुद्धा. वडील गेले आणि कारखाना भावंडांकडे आला, तेव्हा चामड्याचा धंदा बसलेलाच होता. दादा म्हणाले होते, "तुझ्या डोक्यातलं करून बघू. नाहीतरी बुडायचंच आहे, तर पुण्य करता करता बुडू." बुडाले नाहीत. बासष्ट माणसं कामाला होती. ताई धावत, लोक बघत, बूट विकत घेत. धावण्यामुळे बूट विकले जात की बुटांमुळे धावावं लागत होतं, हे अलीकडे ताईंना सांगता आलं नसतं. गेली दोन वर्षं पहाटेचा गजर झाला की पहिला विचार यायचा तो उशीचाच.

शुक्रवारी सकाळी अहवाल आला. खळीत जनावराच्या कातड्यापासून काढलेला सरस होता, जवळजवळ चौथा हिस्सा.

खरेदी बघणाऱ्या माणसाने ताईंसमोरच पुरवठादाराला फोन लावला. तिकडचा माणूस जराही गडबडला नाही. "आम्ही तर लेखी कळवलं होतं. घटक बदलतोय म्हणून. ते पत्र तुमच्या सहीने परत आलंय."

कपाटं उपसली. फायलींवरची धूळ नाकातोंडात गेली. पत्राची प्रत खरंच होती, गेल्या वर्षीची, शर्यतीच्या दोन दिवस आधीच्या तारखेची. खाली सही ताईंची.

ताईंना ती दुपार लख्ख आठवली. खांद्यावर पिशवी, खाली गाडीत बसून भोंगा वाजवणारा नवरा, आणि उभ्या उभ्या कागदांच्या चळतीवर मारलेल्या सह्या. "अजून किती आहेत रे?" असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या.

"मीसुद्धा वाचलं नव्हतं," खरेदीवाला मान खाली घालून म्हणाला. "वर नुसतं 'बदल' असं लिहिलं होतं. मला वाटलं, डब्याचा रंग वगैरे असेल."

त्याच्यावर ढकलता आलं असतं. तोही बिचारा ढकलून घ्यायच्या तयारीतच उभा होता. ताईंनी पत्र घेतलं आणि त्या दादांच्या खोलीत गेल्या.

दादांनी पत्र वाचलं, अहवाल वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचा स्वभाव असा, की आधी सगळं ऐकून घ्यायचं आणि मग आपलंच खरं करायचं. "बरं. ही खळ आजपासून बंद. दुसरी येईपर्यंत टाचेचं काम थांबवू. झालं."

"झालं कसं? वर्षभराचे बूट गेलेत, दादा. खोक्यावर काय छापलंय आपण?"

"गेले, पायांत गेले, अर्धे झिजलेसुद्धा. चिमूटभर सरस, तोही टाचेच्या आत. कोणाच्या बापाला कळणार आहे?"

"मास्तरांना कळलं."

"मास्तर आपला माणूस आहे."

"आपला माणूस म्हणून त्यांनी तोंड दाबून बसायचं?"

दादांनी चष्मा परत चढवला. "हे बघ. तू उद्या बोंब मारलीस तर दुकानदार माल परत पाठवतील. इथे बासष्ट घरं चालतात. मेलेल्या जनावरांची तुला एवढी कणव, मग जित्या माणसांची नको? तुझं मन स्वच्छ राहावं म्हणून त्यांनी उपाशी राहायचं का?"

खरं तर सकाळपासून त्या स्वतःला हेच विचारत होत्या. त्या खुर्चीत बसल्या. बाहेर शिवणयंत्रांचा आवाज चालू होता, एक थांबलं की दुसरं. त्या म्हणाल्या, "लोक आपल्याकडचे बूट घेतात ते दिसायला बरे म्हणून घेत नाहीत. त्याहून बरे बाजारात पन्नास आहेत. ते आपल्या शब्दावर घेतात. शब्दच खोटा असेल, तर ही बासष्ट माणसं इथे बनवतात तरी काय?"

"व्याख्यान उद्या दे. उद्या आहेच की तुझी शर्यतीआधीची सभा."

"देणार आहे. सही माझी आहे, तर सांगणारही मीच."

दादा उठले. टेबलावरचा रुमाल त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. "सांग. मग सोमवारपासून कारखानाही तूच सांभाळ. लोकांच्या शिव्या खायला मी येणार नाही." आणि ते दुपारीच घरी निघून गेले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी आल्यावर ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, पळणं त्याला बसून बघायलाच आवडायचं, आणि दुधाचा चहा तो आजही बायकोकडे पाठ करून प्यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा दुकानदारांना नेहमी सांगायचे, आमचे बूट बाकीच्यांपेक्षा सरस. माणूस खोटं बोलत नव्हता."

ताई हसल्या. हसता हसता त्यांना रडू कोसळलं, आणि मग कितीतरी वेळ ते थांबेना. नवऱ्याने चहाचा कप बाजूला सरकवला आणि तो नुसता शेजारी बसून राहिला.

शनिवारी दुपारी शर्यतीआधीची सभा एका शाळेच्या सभागृहात होती. तीनशेच्या आसपास धावणारे, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. रस्ता कुठे वळतो, पाणी कुठे मिळेल, हे सांगून झाल्यावर आयोजकांनी दर वर्षीप्रमाणे ताईंना पुढे बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या कित्येकांच्या पायांत त्यांच्याच कारखान्याचे बूट होते.

ताईंनी कागद आणला नव्हता. पत्र कधी आलं, सही कोणी केली, खळीत काय निघालं, किती महिन्यांचे बूट त्यात येतात, एवढं त्यांनी सरळ सांगितलं. "ज्यांना बूट परत करायचे असतील त्यांचे आम्ही घेऊ. मी न वाचता सही केली. शर्यतीला निघायची घाई होती. दुसरं कारण नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "एवढ्याशा सरसासाठी एवढं?" आणि दोघंतिघं हसले. पण पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, दातांच्या डॉक्टर. ताईंच्या शब्दावर त्यांनी दूध सोडलं होतं, आणि त्यांच्या धावण्याच्या गटातल्या सगळ्यांना हेच बूट घ्यायला लावले होते. सभा उठल्यावर त्या ताईंजवळ आल्या.

"मला रागही येत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी लोकांना छातीठोक सांगत होते, की यांचे बूट डोळे मिटून घ्या. आता त्यांना काय सांगू?"

"मी जे सांगितलं तेच सांगा."

"तुमचं सांगून झालं, ताई. माझं अजून व्हायचंय." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

रविवारी उजाडायला शर्यत सुरू झाली. ताईंकडे बुटांचे चार जोड होते आणि चारही त्याच वर्षातले. आदल्या संध्याकाळी त्या ते चारही समोर मांडून बसल्या, तेव्हा नवरा म्हणाला होता, "आता काय अनवाणी पळणार आहेस? घाल त्यातला एक." त्यांनी त्यातल्या त्यात जुना जोड घातला.

पहिले चाळीस किलोमीटर सवयीने गेले. सकाळ गार होती. रस्ता आधी गोदामांच्या मधून, मग कालव्याच्या कडेने जात होता. एरवी ओळखीची माणसं शेजारून जाताना दोन शब्द बोलत. आज काही बोलली, काहींनी घड्याळाकडे बघितलं. पन्नासनंतर पोटरीतला गोळा जागा झाला. साठाला ताई चालायला लागल्या. हे नवं नव्हतं. आजवरच्या आठही शर्यतींत कधी ना कधी त्या चालल्या होत्या. अशा वेळी त्या मनाशी पुढचा खांब धरायच्या, मग त्याच्या पुढचा. आज खांब दिसत होता, पण तिथवर जावंसं वाटत नव्हतं. दुखणं सोसवत होतं. पोहोचून दाखवायची हौसच संपली होती. इतकी वर्षं आपण कोणाला काय दाखवत होतो, असा विचार मनात आला, आणि पाऊल आणखी जड झालं.

एकाहत्तराव्या किलोमीटरवर पाण्याचं टेबल होतं. तिथे नवरा घडीची खुर्ची मांडून, उकडलेले बटाटे, मीठ आणि खजूर घेऊन बसला होता. ताईंना बघून तो उठला आणि त्याने खुर्ची पुढे केली. ताई बसल्या.

"बटाटा?"

"नको."

"पाणी?"

त्यांनी दोन घोट घेतले. उठ म्हणून तो म्हणाला नाही. एवढ्या वर्षांत तो एवढं शिकला होता. थोड्या वेळाने दातांच्या डॉक्टर तिथून गेल्या. त्यांच्या पायांत दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचे जुने, टाच घासलेले बूट होते. त्यांनी ताईंकडे बघितलं, हात किंचित वर केला आणि पाणी न घेताच त्या पुढे गेल्या.

"मी थांबते," ताई म्हणाल्या.

"बरं," नवरा म्हणाला, आणि बटाटे डब्यात भरू लागला.

गाडीत ताईंनी बूट काढले. दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं काळी झाली होती.

सोमवारी दादांची खोली बंद होती. ताईंनी सकाळीच सगळ्यांना शिवणखात्यात जमवलं आणि शनिवारी जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. फोन वाजायला लागलेच होते. दोन मोठ्या दुकानांनी माल उचलायचं थांबवलं होतं. "काम कमी होणार," ताई म्हणाल्या. "एकतर पंधरा माणसं कमी करावी लागतील, नाहीतर सगळ्यांनीच आठवड्याचे चार दिवस काम करायचं. माझ्या आणि दादाच्या घरी एक पैसाही जाणार नाही, हे धरूनच सांगतेय. तुम्ही ठरवा."

मग शिवणखात्यातल्या मावशी, सगळ्यांत जुन्या, यंत्रामागे बसल्या बसल्याच म्हणाल्या, "एक विचारू का, ताई?"

"विचारा."

"हे तुम्हाला शुक्रवारी कळलं. शनिवारी तुम्ही तीनशे परक्या लोकांना सांगितलंत. आम्हाला सोमवारी सांगताय. माझ्या जावयाने शनिवारी रात्री मला फोन करून विचारलं, की तुमच्या बुटांत कातडं असतं म्हणे? मी त्याला म्हटलं, काहीतरी बरळू नका. बूट आम्ही शिवतो. आधी आम्हाला सांगायला हवं होतं."

ताईंना दादांचं बोलणं एवढं लागलं नव्हतं. तीनशे लोकांसमोर उभं राहताना त्यांना वाटलं होतं, सगळ्यांत अवघड ते आपण केलं. आणि आपल्याच दारातली माणसं विसरलो होतो. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, मावशी. तुमचं बरोबर आहे. मला सुचलंच नाही."

"हं," मावशी म्हणाल्या. माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. "चार दिवसांचं बघू या. पंधरा जणांना काढून उरलेल्यांच्या घशाखाली घास कसा उतरेल?" आणि त्यांनी यंत्र चालू केलं.

पुढचे महिने रेटत रेटतच गेले. सत्याचा विजय वगैरे काही झालं नाही. परत आलेल्या बुटांची पोती मागच्या पडवीत छतापर्यंत गेली. काही लोकांनी शाबासकीची पत्रं लिहिली. त्यांतल्या बहुतेकांनी आधी कधी इथले बूट घेतले नव्हते, नंतरही घेतले नाहीत. काहींनी लिहिलं की ही सगळी जाहिरातच आहे. चार माणसं दुसरीकडे कामाला लागली. खरेदीवाला आता प्रत्येक कागद इतक्या वेळा वाचायचा की माल यायला उशीर व्हायचा. मास्तर दर डब्यातली चमचाभर खळ तापवून बघायचे. पाचव्या महिन्यात एका लहान दुकानाने पुन्हा माल मागवला, मग आणखी एकाने. कामाचे दिवस चाराचे पाच झाले, सहा काही झाले नाहीत. ताईंनी गजर लावायचं सोडून दिलं होतं. कधी धावत, कधी दुपारी जेवून अंथरुणावर पडल्या की संध्याकाळीच उठत.

अशाच एका रविवारी सकाळी दादा दारात उभे राहिले. इतक्या महिन्यांत ते सही करायला तेवढे येत, मान हलवत आणि जात. आज त्यांच्या अंगात सैल पायजमा होता आणि डोक्याला लोकरीची टोपी.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," ते म्हणाले. "साखर वाढलीय. येतेस?"

ताई चपला घालून निघाल्या. दादा इतके सावकाश चालत होते, की शेजारून जाणारी बाबागाडीसुद्धा त्यांना मागे टाकून गेली. ताईंना ती चाल बरी वाटत होती. कोपऱ्यावरची बेकरी, पोस्ट, सायकलींचं दुकान, एकेक मागे पडत गेलं. मग दादा म्हणाले, "मावशी तुला काय म्हणाली ते मला कळलं."

"सगळ्यांना कळलंय."

"ती एकट्या तुलाच बोलली असं नको समजूस. मी तर त्यांच्या नावाने भांडत होतो. बासष्ट घरं, बासष्ट घरं. त्यांतल्या एकाला तरी विचारलं होतं का मी?" चालून आणि बोलून त्यांना धाप लागली. ते बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. "तू बरोबर होतीस असं मी म्हणत नाहीये हं."

"मी तरी कुठे म्हणतेय?"

"दमलीस?"

"खूप दमलेय, दादा."

हे त्या आजवर कोणाजवळ बोलल्या नव्हत्या, नवऱ्याजवळसुद्धा नाही. दादांनी काही उपदेश केला नाही. पायरीवरून उठत ते म्हणाले, "बसने जाऊ या का परत?"

बसमध्ये गर्दी नव्हती. दोन थांबे जाईपर्यंत ताईंचा डोळा लागला आणि डोकं दादांच्या खांद्यावर टेकलं. घराजवळचा थांबा आला. दादांनी बहिणीकडे बघितलं आणि तो जाऊ दिला.

सोमवारी दादा कारखान्यात आले. खोली उघडून टेबलावरची धूळ स्वतःच पुसली. परत आलेले बूट ठेवायचे कुठे, ते वाटायचे की मोडून पुन्हा वापरायचे, यावरून दुपारपर्यंत दोघा भावंडांचं असं वाजलं, की टाचमास्तर कसलासा कागद घेऊन दाराशी आले, आतला आवाज ऐकला आणि आल्या पावली परत गेले.